ब्रेकर बंद होता तेव्हा

फेब्रुवारी अर्धा सरला की आमच्या वाचनालयात खुर्च्या कमी पडू लागतात. एरवी वर्तमानपत्रांवर डुलक्या काढणारे चार-पाच निवृत्त गृहस्थ आपणहून कोपऱ्यातल्या बाकावर सरकतात आणि लांब टेबलं मुलांच्या ताब्यात जातात. सकाळी अंगावर शाल घ्यावीशी वाटते, दुपारी तीच शाल डोक्यावर धरून घरी यावं लागतं. शहराबाहेर पळस पेटलेला असतो. टेबलांवर पाण्याच्या बाटल्या, कंपासपेट्या, कुणाच्या तरी डब्यातल्या लिंबाच्या लोणच्याचा वास. बावीस वर्षं मी इथं पुस्तकांची देवघेव करते. हा मोसम ओळखायला मला कॅलेंडर लागत नाही.

यंदा मोसमाबरोबर ब्रेकरही आला. आमची गल्ली भंडाऱ्याच्या मुख्य बाजाराच्या अगदी पाठीशी आहे. बाजारातल्या कापडाच्या दुकानांची मागची दारं आमच्याकडे उघडतात. गल्लीच्या टोकाची दोन जुनी घरं पाडून तिथं आता इमारत उभी राहणार आहे. खाली दगड लागला, म्हणून तो फोडायला सकाळी आठपासून ब्रेकर सुरू. ताटातली वाटीसुद्धा आपल्या जागेवर थरथरते.

शेजारच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर वैशाली राहते. तिचा मुलगा यंदा दहावीला आहे. परवा ती वाचनालयातच आली.

"ताई, तुमीच लिहा ना अर्ज. मागं तुमच्या अर्जानं साइटच बंद पडली होती म्हनते."

"कोण म्हणते?"

"सारी गल्ली म्हनते. तुमचा अर्ज लय भारी असते म्हनते."

मी तिला म्हटलं, संध्याकाळी सांगते. ती गेली, आणि रजिस्टरमध्ये एका मुलाचं नाव लिहिता लिहिता मी दुसऱ्याच्या ओळीत लिहून बसले.

वैशाली राहते ती इमारत उभी राहण्याआधी तिथं तीन घरं होती. आठ वर्षं झाली. तीनही कवेलूची, म्हणजे मातीच्या कौलांची, आमच्यासारखीच. कवेलूच्या घरांबद्दल आता लोक फार हळवं बोलतात. त्यांनी बहुधा वांदरांची टोळी छपरावरून जाताना पाहिलेली नसते. एका टोळीमागे शंभरेक कवेलू फुटायचे. दर उन्हाळ्यात छप्पर फेरायला, फुटके कवेलू बदलायला माणूस शोधायचा, तो या आठवड्यात येतो म्हणून पुढच्या महिन्यात यायचा. पहिलं घर दामूकाकांचं, आमच्या भिंतीला भिंत लागून. काकांचे गुडघे गेले होते आणि संडास अंगणाच्या पार मागे. बिल्डरचा माणूस नकाशा घेऊन आला तेव्हा काकांनी एकच गोष्ट विचारली, "संडास घरातच राहीन ना?" राहील म्हटल्यावर त्यांनी सही केली. मला त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसलं नाही. आजही दिसत नाही.

जानेवारीत घरं पाडली. कवेलू उतरवून रचून ठेवले, सागाचे पाटे ट्रॅक्टरवर गेले, मातीच्या भिंती जेसीबी आणि मजुरांनी मिळून दोन दिवसांत भुईसपाट केल्या. फक्त दामूकाकांची आमच्या बाजूची भिंत ठेवली. ती एकदम काढली असती तर आमचं घर बसलं असतं. त्यामुळे एक विचित्र देखावा तयार झाला. रिकामा प्लॉट, आणि त्याच्या कडेला उघड्यावर आलेली, आतल्या बाजूनं गुलाबी रंगवलेली स्वयंपाकघराची भिंत. चुलीच्या जागी काळा पट्टा, कॅलेंडरच्या जागी फिकट न झालेला चौकोन, दिवा ठेवायचा कोनाडा. इतकी वर्षं शेजारी राहून काकूंचं स्वयंपाकघर गुलाबी आहे, हे मी कधी नीट पाहिलं नव्हतं.

प्लॉटच्या मागच्या कोपऱ्यात टिनाच्या दोन खोल्या उभ्या राहिल्या, त्यात मजूर राहायला आले. मग पाया खणताना दगड लागला आणि ब्रेकर आला.

त्या वर्षी माझी मुलगी केतकी दहावीला होती. आमचं घर म्हणजे तीन खोल्या एका रांगेत. कुठल्याही खोलीत बसा, आवाज सारखाच. भिंतीतून माती झरायची. केतकीनं कानात कापूस घातला, मग कापसावरून ओढणी बांधली. एके सकाळी तिनं पुस्तक माझ्यासमोर आपटलं.

"आई, मी वाचू कशी? डोस्क्यात हेच फिरून राहिलं. मी नापास झाली त मले बोलू नको."

मी त्याच दुपारी अर्ज लिहिला. वाचनालयात बसून, फुलस्केप कागदावर, दोन्ही बाजूंनी. मला अर्ज लिहिता येतो. वाचनालयाची सगळी पत्रं मीच लिहिते. दहावीच्या परीक्षेचं महत्त्व, आवाजाचा मुलांच्या मनावर होणारा परिणाम, नागरिकांचा शांततेचा हक्क, सगळं त्यात होतं. शेवटी माझी सही, खाली गल्लीतल्या अकरा घरांच्या सह्या. माझे यजमान एसटीच्या आगारात कामाला होते. त्यांनी अर्ज वाचला, सही केली आणि म्हणाले,

"लिहिलं चांगलं. पण एकदा जाऊन त बोल ना त्याइच्याशी. पंधरा पावलं त हाय."

"त्यांच्याशी बोलून काय होणार? मजूर काय ठरवतात?"

मी गेले नाही. ब्रेकर चालवणारा माणूस मला खिडकीतून रोज दिसायचा. डोक्याला गमछा, तोंडावर फडकं, सगळं अंग हादरत असलेला. त्याला नाव असेल, हे मला माहीत होतं. विचारावंसं वाटलं नाही, इतकंच.

अर्ज दिल्यावर चौथ्या दिवशी नगरपालिकेच्या ऑफिसातून कुणीतरी येऊन साइट पाहून गेलं. पाचव्या दिवशी सकाळी ब्रेकर वाजला नाही.

ती शांतता मला अजून आठवते. चहाचं पाणी उकळल्याचा आवाज ऐकू आला. बाजारातल्या दुकानांची शटरं उघडल्याचा आला. मागच्या परसातल्या मोहाच्या झाडावर पक्षी भांडत होते, तेही ऐकू आलं. केतकी टेबलाशी बसून काहीतरी पुटपुटत होती. गल्लीत दोघी-तिघींनी मला थांबवून 'वा ताई' म्हटलं. मी त्या दिवशी वाचनालयात जरा ताठ मानेनं गेले, हे कबूल करायला हवं.

दोन दिवसांनी सकाळी दाराची कडी वाजली. दारात एक बाई. चाळिशीच्या आतली, उन्हानं रापलेली, पदर खोचलेला. तिच्या मागे दोन वेण्या घातलेली एक उंच मुलगी, पायाकडे पाहत उभी.

"मॅडम, मी मंदा. बाजूच्या साइटवर रेजा हावो, विटा-माती वाहतो. हे माही पोरगी, प्रणाली."

मी त्यांना आत बोलावलं. मंदाबाई उंबऱ्यातच टेकली.

"काम बंद झालं जी. परीक्षा होयेपर्यंत बंद. सुपरवायझर म्हनते, रोजची कटकट नाई पायजे. साऱ्याइले मौद्याच्या पुढं गोदामाच्या कामावर नेऊन राहिला. आज टिनं उतरवते."

"बरं," मी म्हटलं.

"हे दहावीले हाय. इथल्याच शाळेत. हिचा नंबर इथंच आला. आता आमी तिकडं गेलो त हे पेपरले येनार कशी? हिचा मामा दिघोरीले राहते, तिथून त रोज येनं होत नाई. आमचं घर पुनर्वसनात हाय, पन थे बंद हाय, तिथं कोनीच नाई. पोरीले एकटी कुठं ठेवू?" तिनं एकदा मुलीकडे पाहिलं. "महिनाभर ठेवता का? जेवनाचं सामान मी देतो. हे झाडू-पोछा करन, भांडे घासन. कोपऱ्यात बसून वाचन."

मला काय वाटलं ते सांगायला मी अनेकदा बसले आहे, जमत नाही. माझ्या मुलीच्या परीक्षेसाठी मी जे थांबवलं, त्यात दुसऱ्या मुलीची परीक्षा राहत होती. टिनाच्या खोलीत, माझ्या खिडकीपासून पंधरा पावलांवर. अकरा घरांच्या सह्या घेताना मी गल्लीतली सगळी घरं मोजली होती, टिनाच्या त्या दोन खोल्या मोजल्या नव्हत्या.

मी म्हटलं, "भांडी घासायची नाहीत. राहू द्या तिला."

अर्जाबद्दल काही बोलले नाही.

संध्याकाळी मुलीची पेटी घेऊन तिचे वडील आले. ब्रेकर चालवणारा माणूस म्हणजे तेच. त्यांचं नाव शालिक. फडकं नसलेला चेहरा पाहून मला ते आधी ओळखू आले नाहीत. मी चहा दिला. कप बशीत वाजू लागला, कारण त्यांचे हात थरथरत होते. काम बंद होऊन तीन दिवस झाले होते, तरी.

"हे असंच राहते," ते हसले. "आठ-पंधरा दिवसानं जाते. तोपर्यंत दुसरं काम लागते."

यजमानांनी गावाचं विचारलं. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलेल्या गावांपैकी एक. पाणी चढायच्या आधी ज्यानं त्यानं आपलं घर आपणच उतरवायचं होतं. लाकूड, दारं, कवेलू, जे नेता येईल ते न्यायचं.

"बापानं बांधलं होतं जी घर. मीच पाडलं. कवेलू मोजून मोजून खाली घेतले. गावातल्या बाकीच्याइचे पन उतरवून देल्ले, म्हातारे लोक होते. तवापासून पाडाचंच काम हातात आलं." त्यांनी चहा संपवला. "काम काम असते. दामूकाका बोलले माह्याशी, समोरची भिंत पाडताना बसले होते खुर्ची टाकून. म्हने, सांभाळून पाड, मजबूत हाय. मजबूत होतीच."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. म्हणून मला जास्त ऐकवेना.

केतकीचे पहिले दोन दिवस फुरंगटण्यात गेले. आपल्या टेबलावर कुणी पुस्तक ठेवू नये म्हणून तिनं शब्दकोशाची रांग लावली. प्रणाली जमिनीवर पोतं टाकून बसायची. पण तिला बसून वाचायची सवयच नव्हती. साइटवर ती चालत चालत पाठ करायची. आमच्या घरात चालायला जागा नाही, म्हणून ती सकाळी आणि उन्हं उतरल्यावर बाजूच्या रिकाम्या प्लॉटवर जाऊ लागली. मोठ्यानं म्हणत, इकडून तिकडे.

तिसऱ्या दिवशी मी खिडकीतून पाहिलं, तर ती दामूकाकांच्या गुलाबी भिंतीवर लिहीत होती. हातात विझलेला कोळसा. वर्तुळ काढलेलं, त्याला दोन स्पर्शिका, बाजूला पक्ष, साध्य, सिद्धता. अक्षर मोठं आणि सरळ. चुलीच्या काळ्या पट्ट्यावर कोळसा दिसेना, तर तिथं तिनं विटेच्या तुकड्यानं लिहिलं. कोनाड्यात पुस्तक उभं केलेलं.

केतकी माझ्या मागे येऊन उभी राहिली. बराच वेळ पाहत होती. भूमिती हा तिचा कच्चा विषय.

"ते तिसरी पायरी काहून तशी लिहिली तिनं?" ती म्हणाली.

"मला काय विचारतेस? तिला विचार."

ती चप्पल घालून गेली. दोघी अंधार पडेपर्यंत भिंतीशी होत्या. परतली तेव्हा केतकीचे हात कोळशानं माखले होते आणि ती तिसरी पायरी मला समजावून सांगत होती. मला काही कळलं नाही. त्या दिवसानंतर शब्दकोशाची रांग टेबलावरून गेली.

आठवडाभरात ती भिंत भरून गेली. भूमितीची प्रमेयं, इंग्रजी क्रियापदांची रूपं, नद्यांची नावं. खालचं पुसून वर लिहायचं. रस्त्यानं जाणारे थांबून वाचायचे. कापडाच्या दुकानातला एक माणूस रोज दुपारी पान खायला मागच्या दारी यायचा, त्यानं एकदा एका समीकरणात चूक काढून दिली. एखाद्याच्या स्वयंपाकघराचं पुढं काय होईल, ते कुणाला सांगता येतं?

परीक्षा सुरू झाली. दोघींची केंद्रं वेगळी. सकाळी दही-साखर दोघींच्या हातावर. पहिल्या पेपरला प्रणाली माझ्या पाया पडली तेव्हा मी पटकन मागे सरले. तिला वाटलं, मला आवडत नाही. पुन्हा ती पडली नाही. रविवारी मंदाबाईचा फोन यायचा, आधी ती मुलीशी बोलायची आणि मग माझ्याशी. "तरास त नाई ना देऊन राहिली?" मी म्हणायची, नाही हो. फोन ठेवला की केतकी माझ्याकडे पाहायची. अर्ज तिला माहीत होता. तिच्याचसाठी तर होता.

एकदा प्रणाली न्हाणीत असताना ती हळूच म्हणाली,

"आई, तिले सांगितलं का तू?"

"परीक्षा होऊ दे."

"परीक्षा होऊ दे म्हणजे? आपल्यामुळं तिची आई तिकडं गेली ना?"

"पेपरच्या आधी कशाला तिचं मन खराब करायचं?"

"तिचं नाही, आई," केतकी म्हणाली. "तुले भेव वाटून राहिलं."

पंधरा वर्षांच्या मुलीनं सांगितलं म्हणून ते खोटं ठरत नाही.

तर, परवा संध्याकाळी मी वैशालीला घेऊन गल्लीच्या टोकाच्या साइटवर गेले. अर्ज लिहिला नाही. तिथला मुकादम तरुण आहे, छत्तीसगडकडचा. आम्हाला पाहून तो आधीच सावध झाला. मी त्याला विचारलं, इथं किती कुटुंबं राहतात, मुलं कितवीत आहेत. एक मुलगा सातवीत, बाकी लहान. मग मी म्हटलं, पेपर अकरा ते दोन असतो. तेवढा वेळ गल्लीतली परीक्षेची मुलं घरी नसतातच. तेव्हा तुमचा दगड फोडा. सकाळी आणि संध्याकाळी सेंट्रिंगचं, लोखंड बांधायचं, जे शांतपणे होतं ते करा. पेपर नसेल त्या दिवशी मुलं वाचनालयात बसतील, मी जागा ठेवीन. तो म्हणाला, "हो जाएगा, दीदी. पहले बोल देते." इतकी साधी गोष्ट आठ वर्षांपूर्वी मला सुचली नव्हती. सुचायला तिथपर्यंत चालत जावं लागतं.

वैशालीला जरा हिरमुसल्यासारखं झालं. तिला अर्जच हवा होता.

आमच्याही घराचा नकाशा आलाय. आम्ही आणि पलीकडची दोन घरं मिळून. यजमान म्हणतात, लिफ्ट पाहिजे, बस, बाकी काही मागणं नाही. सही करायला मला कसला संकोच नाही. वांदरांना मी कंटाळले आहे.

त्या वर्षीचा शेवटचा पेपर भूगोलाचा होता. उन्हं आता खरी तापली होती. दुपारी तीनच्या सुमारास मंदाबाई आणि शालिकभाऊ मुलीला न्यायला आले. मंदाबाईनं दिघोरीहून भावानं पाठवलेली लाखोरीची डाळ आणली होती, फडक्यात बांधून. प्रणाली आतल्या खोलीत पेटी भरत होती, केतकी तिला मदत करत होती, म्हणजे एक वही पेटीत टाकून दोन बाहेर काढत होती.

मी मंदाबाईसमोर बसले. पाण्याचा पेला तिच्या हातात होता.

"मंदाबाई, एक सांगायचं राहिलं. काम बंद करायचा तो अर्ज मी लिहिला होता."

तिनं पाणी पिऊन पेला खाली ठेवला.

"मालूम हाय."

"केव्हापासून?"

"पयल्याच दिवसापासून. सुपरवायझरनं साऱ्याइले वाचून दाखवला ना. दोन्हीकडून लिहिला होता. खाली तुमचं नाव."

शालिकभाऊ दाराबाहेर बघत होते.

"मग तुम्ही माझ्याच दारात का आलात? गल्लीत दुसरी घरं होती."

मंदाबाईला माझा प्रश्नच समजला नसावा, अशी ती माझ्याकडे पाहत राहिली.

"दुसऱ्या कोनाच्या दारात जाऊ, ताई? बाकीच्याइनं नुसती सही केली. पोरीच्या पेपरासाठी जे बाई एवढं मोठं काम बंद पाडते, तिलेच त समजन ना पेपर काय असते थे."

मी मान खाली घातली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मंदाबाईला ते दिसू नये असं मला वाटत होतं. तिला दिसलंच असणार. तिनं विषय बदलला, डाळ आज भिजवू नका, आधी नीट निवडून घ्या, खडे आहेत म्हणाली.

आतून आवाज बंद झाले होते. दोघींनी सगळं ऐकलं होतं. केतकी दारात आली. तिच्या हातात प्रणालीची भूमितीची वही होती, ती काही तिनं पेटीत टाकली नव्हती.

"काकू, अकरावीलेबी तिले इथंच ठेवा ना."

"आधी पास त होऊ दे, बाई," मंदाबाई म्हणाली.

ती पास झाली. भूमितीत तिला केतकीपेक्षा अकरा गुण जास्त होते. जूनमध्ये शालिकभाऊ तीच पेटी घेऊन पुन्हा आले आणि प्रणाली बारावीपर्यंत आमच्याकडे राहिली. त्या दोन वर्षांत बाजूची इमारत तीन मजले चढली. मिक्सर दिवसभर घरघरायचा. दोघी मोठ्यानं वाचायच्या.